तालमीतला अबोला

गुंडोअण्णा हुद्दारांना मंडळाच्या नाटकात मुख्य काम मिळालं, तेव्हाच खरं तर कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण चौसष्टाव्या वर्षी माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी मधोमध उभं केलं, की त्याला पालीचा आवाज कुठून ऐकू यायचा!

बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या त्या मराठी मंडळात गुंडोअण्णा म्हणजे कायमचे हरकामे. सतरंज्या अंथरायच्या? गुंडोअण्णा. गणपतीच्या आरतीत वरचा सूर धरायचा? गुंडोअण्णा. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या चपला राखत दारात बसायचं? हसू नका, तेही गुंडोअण्णाच. मूळचे बेळगावकडचे. सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटले ते निवृत्त होऊनच बाहेर पडले. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून कुणी छेडलं की सांगायचे, "आईला पसंत पडली ती मला नाही, मला पसंत पडली तिला मी नाही. सरी, जाऊ दे म्हणून सोडून दिलो." आई गेली आणि घरात भिंती तेवढ्या उरल्या. मग माणूस संध्याकाळ झाली की मंडळाच्या कट्ट्यावर. कुणाच्या नातवाचा दात पडला, कुणाच्या जावयाची नोकरी गेली, सगळं त्यांना आधी ठाऊक. रक्ताचं असं त्यांचं कुणी नव्हतं. जे काही होतं ते हे मंडळ, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

आता हे नाटकाचं खूळ काढलं आशयनं. आशय पुण्याचा, आयटीतला, मंडळात येऊन वर्ष झालं नसेल. पण कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात तसा. पोरगा हुशार, बोलायला गोड, कामाला वाघ. मंडळाच्या अध्यक्ष प्रतिमाताई तर त्याच्यावर खूशच होत्या. "आपण या वेळी ऑपेरा करायचा," तो म्हणाला. "मराठी ऑपेरा. पूर्ण ट्रॅजेडी. एकही वाक्य बोलायचं नाही, सगळं गाण्यात."

"म्हणजे संगीत नाटकच की रे," सूर्यकांत म्हणाले, "फक्त हसायच्या जागा काढून टाकलेलं."

हे सूर्यकांत म्हणजे मंडळाचे पेटीवाले आणि गुंडोअण्णांचे कारखान्यापासूनचे दोस्त. त्यांची बायको उल्का, सगळ्यांची उल्कावैनी, कोरसात होती. प्रतिमाताई कोरसात, गुंडोअण्णांच्या खालच्या मजल्यावर राहणारा दयानंद कोरसात, निम्मं मंडळ कोरसात. कारण नाटकात दोनच पात्रं होती म्हणा ना: एक पाणाड्या आणि एक गाव. पाणाड्या म्हणजे जमिनीवर पाय आपटून, हातात काटकी धरून पाणी कुठं लागेल ते सांगणारा माणूस. तो जागा दाखवतो, गाव विहीर खणतं, विहीर ढासळते आणि खणणारे आत गाडले जातात. मग गाव त्याला वाळीत टाकतं. शेवटच्या प्रवेशात सगळं गाव त्याच्याकडे पाठ करून उभं राहतं आणि गातं, "ज्यानं दाविलं पाणी, त्याला पाणी नाही." पाणाड्या एकेकाच्या पाठीशी जाऊन हाक मारतो. कुणी वळत नाही. तो विहिरीत उतरतो आणि पडदा पडतो.

पाणाड्याला आवाज हवा होता गावरान, उंच आणि थोडा फाटका. तो गुंडोअण्णांचाच. आरतीतला सूर असा कामी आला. घरी जाऊन त्यांनी आईच्या फोटोला हळद-कुंकू लावलं आणि "तुझा गुंड्या हिरो झाला गं," असं मोठ्यानं सांगितलं.

तालमी सुरू झाल्या आणि करायला गेलो गणपती, झाला मारुती! गावानं पाठ फिरवायची तर प्रतिमाताईंना हसू फुटायचं. दयानंद वळता वळता डोळा मारायचा. उल्कावैनी तर पाठ करून उभ्या असतानाच विचारायच्या, "गुंडोअण्णा, चहा घेतलात का?" आशयनं डोक्याला हात लावला. "अहो, तुम्ही वाळीत टाकताय की रुसलाय?" मग त्यानं एक युक्ती काढली. पुण्यात कुठल्याशा शिबिरात शिकला होता म्हणे.

"आजपासून गावानं अण्णांशी बोलायचं नाही. तालमीत नाही, रस्त्यात नाही, फोनवर नाही. मेसेज नाही, हसणं नाही, मान हलवणं नाही. खराखुरा अबोला. जो तोडेल त्यानं सगळ्यांना बटाटेवडे खिलवायचे. आणि प्रयोगाच्या दिवशी पडदा पडला, की त्या क्षणी सगळ्यांनी वळायचं आणि अण्णांना मिठी मारायची. तिथं अबोला सुटला. चालेल ना, अण्णा?"

"चालतंय की! महिनाभराचा तर खेळ," अण्णा म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

पहिले काही दिवस खरंच मजेचे गेले. अण्णा कट्ट्यावर आले की मंडळी आकाशाकडे बघत. अण्णा मुद्दाम समोर जाऊन नकला करत, कानात कुर्र करत. दयानंद ओठ चावून लाल व्हायचा, पण बोलायचा नाही. अण्णांना चेव चढला. एकदा संध्याकाळी त्यांनी दयानंदचं दार बडवलं. "दया, गॅसचा वास येतोय रे! अय्यो, चल की लवकर!" दयानंद अनवाणी, हातात पाना घेऊन धावत वर आला. "अण्णा, कुठं, कुठं?" म्हणाला आणि अण्णांनी टाळ्या वाजवल्या. "बोललास! वडे आण!"

दयानंदला वडे आणावे लागले. वर मंडळात त्याची जी काही टर उडवली गेली ती वेगळीच. भोळा म्हणाले, बावळट म्हणाले, प्रतिमाताईंनी तर "दयाला लांडगा आला म्हणून सांगा, बकरी घेऊन पळेल," असं भर तालमीत ऐकवलं. दयानंदला ते फार लागलं. गावाचा एक वेगळा ग्रुप होता फोनवर, अण्णांना त्यातून काढलं होतं. त्यावर आशयनं लिहिलं, "अण्णा आता काहीही नाटक करतील. कितीही खरं वाटलं तरी पाघळायचं नाही." सगळ्यांनी अंगठे टाकले. सूर्यकांतांनी बायकोच्या फोनवर ते वाचलं आणि अण्णांना हसत हसत सांगितलं. अण्णाही हसले. कशाला हसले, असं आता वाटतं.

कारण पुढं पुढं त्या अबोल्यातली मजा आटली आणि नुसता अबोला उरला. सकाळच्या कॉफीला मंडळी ज्या हॉटेलात उभी राहत, तिथं अण्णा आले की घोळका आपोआप दुसऱ्या टेबलाकडे सरके. आता कुणी हसू दाबत नव्हतं. दाबायला हसूच येत नव्हतं. प्रतिमाताईंच्या नातीचं बारसं झालं, ते अण्णांना रस्त्यात पेढ्यांचे पुडे दिसले तेव्हा कळलं. बोलवायचं म्हणजे बोलावं लागणार! शनिवारच्या आरतीत वरचा सूर दुसऱ्याच कुणीतरी धरला, आणि तोही बरा लागला. लोकांना अबोल्याची नुसती सवय झाली नव्हती, चव लागली होती. एका माणसाला बाहेर ठेवलं की आतले सगळे कसे जवळ येतात, हे त्यांना नव्यानं कळत होतं. इतकी एकी त्या मंडळात गणपतीच्या वर्गणीलाही कधी दिसली नव्हती.

"सूर्या," अण्णांनी एकदा विचारलं, "हे तालमीतलंच आहे ना रे?"

"तर! दुसरं काय असायचंय?"

"नाही, आज दयानंदाच्या पोरीनं पण मला बघून तोंड फिरवली. ती कुठं नाटकात आहे?"

 सूर्यकांतांनी पेटीचा भाता सोडला आणि सूर दिला. अबोल्यात ते नव्हते. "मी पेटीवाला, गावातला नव्हे," असं त्यांनी आशयला पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं. दुपारी छोटी पेटी घेऊन ते अण्णांकडे येत, दोन मजले चढून, धापा टाकत. दिवसाकाठी अण्णांशी बोलणारा मंडळातला तो एकच माणूस होता.

आणि तोच त्या रविवारी दुपारी पेटीवर बोटं असतानाच वाकडा झाला.

आधी नुसतं म्हणाले, "गुंड्या, पाठीत कळ येतेय रे." मग घामानं सदरा भिजला, तोंडाचा रंग गेला आणि ते बाजूला कलंडले. अण्णांनी आधी अँब्युलन्सला फोन लावला. "येतोय, ट्रॅफिक आहे," असं उत्तर आलं. बेंगळूरच्या ट्रॅफिकची खात्री यमसुद्धा देणार नाही. हाताशी गाडी हवी होती आणि माणूस खाली उतरवायला दोन जोड हात. लिफ्ट नव्हती. गाडी दयानंदची होती, खालीच उभी होती.

अण्णांनी दयानंदला फोन लावला. वाजला, वाजला आणि थांबला. उल्कावैनीला लावला. दोनदा वाजला आणि कुणीतरी कापला. प्रतिमाताई. आशय. पुन्हा वैनी. नुसती रिंग. मग अण्णा जिना उतरून दयानंदच्या दारावर दोन्ही मुठी आपटू लागले.

"दया! सूर्या पडलाय रे! खोटं नाही, आईशपथ खोटं नाही! दार उघड की रे!"

आत टीव्ही चालू होता. दार वाजलं तसा टीव्हीचा आवाज कमी झाला. म्हणजे आत माणूस होतं आणि ऐकत होतं. अण्णा रडू लागले, दाराला डोकं टेकून रडले. आतून दयानंदचा आवाज आला, अण्णांना नव्हे, बायकोला सांगत होता, "काय ॲक्टिंग करतोय बघ म्हातारा!" आणि दोघं हसली.

 अण्णांनी पुन्हा दार वाजवलं नाही. वर सूर्यकांत एकटे होते. अण्णा धावत वर गेले, गॅलरीतून ओरडले. कोपऱ्यावर महांतेशचं किराणा दुकान. तो विजापूरकडचा, मराठी छान बोलतो, आणि नाटकाबिटकाशी त्याचा काही संबंध नाही. गिऱ्हाईक तसंच सोडून तो एका रिक्षावाल्याला घेऊन वर आला. तिघांनी सूर्यकांतांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. दयानंदच्या दारावरून खुर्ची गेली तेव्हा ती भिंतीला घासली, मोठा आवाज झाला. दार बंदच राहिलं.

इस्पितळात डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केला. मग बाहेर येऊन म्हणाले, "स्वल्प लवकर आणायला हवं होतं." एवढंच. अण्णा बाकावर बसले होते, हातात सूर्यकांतांचा चष्मा.

महांतेशनं मग स्वतःच्या फोनवरून दयानंदला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

अर्ध्या तासात सगळं गाव इस्पितळात हजर झालं. ज्या गाडीला तेव्हा हलता येत नव्हतं, ती आता फाटकाशी उभी होती. उल्कावैनी पुढं आल्या. त्यांनी आत जाऊन नवऱ्याला पाहिलं, बाहेर आल्या आणि गुंडोअण्णांच्या समोर उभ्या राहिल्या. हातात फोन गच्च धरलेला. मागं प्रतिमाताई, आशय, दयानंद, सगळे. प्रत्येकाच्या खिशात, पर्समध्ये फोन होता आणि प्रत्येक फोनवर गुंडोअण्णांचं नाव होतं, न उचललेलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्या पॅसेजमध्ये लख्ख चांदणं पडलं होतं.

"तुम्ही मला फोन का नाही केलात हो?" वैनी म्हणाल्या.

 अण्णांनी फोन तर केला होता. दोनदा वाजला होता आणि हिनंच कापला होता. हे तिला माहीत होतं, तिच्या डोळ्यांत ते सरळ दिसत होतं. पण ती विचारत होती. विचारत नव्हती, भीक मागत होती: नाही केला असं म्हण, एवढं म्हण, नाहीतर मी उद्या सकाळी कशी उठू? तीस वर्षं या बाईनं अण्णांना दिवाळीचा फराळ पोचवला होता. अण्णांची आई गेली तेव्हा तिला शेवटची अंघोळ घालायला हीच आधी पुढं झाली होती.

"उशीर केला मी, वैनी," अण्णा म्हणाले. "घाबरलो. हातपाय गळाले माझे. फोन केलो तोवर सगळं होऊन गेलं होतं."

"अण्णा, काय बोलताय तुम्ही?" महांतेश पुढं झाला. अण्णांनी त्याचं मनगट इतकं जोरात दाबलं की तो गप्प झाला.

वैनींनी डोळे मिटले आणि पदरात तोंड घालून मोकळेपणी रडू लागल्या. आणि मागं जे गाव उभं होतं, त्याच्या छातीवरची धोंड एकदम उतरली. सुंठीवाचून खोकला गेला! फोन लागला होता किती वाजता आणि माणूस गेला किती वाजता, हे प्रत्येकाच्या फोनवर लिहिलेलं होतं. पण बघतो कोण? त्यानं स्वतः कबूल केलंय ना! दयानंद तर भिंतीला टेकून असा उभा राहिला, जणू फाशीवरून उतरवलाय.

अण्णांना वाटलं, मी एवढं अंगावर घेतलं, आता तरी ही माणसं जवळ येतील. भोळा जीव! अंगावर घेणाऱ्याच्या अंगावर लोक आणखी टाकतात, हे एवढ्या वर्षांत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आठवड्याभरात गोष्टीला पाय फुटले. आधी, माणूस घाबरून बसून राहिला. मग, अँब्युलन्ससुद्धा बोलावली नाही. मग, त्या दिवशी दोघांचं काहीतरी वाजलं होतं म्हणे, सुरावरून. हे सगळं अण्णांना कळायचं महांतेशकडून, कारण दुसरं कुणी बोलतच नव्हतं. तेराव्याचं जेवण होतं हेसुद्धा कळलं ते महांतेशनं तिकडं गूळ पोचवला म्हणून. अण्णा धुतलेला सदरा घालून गेले. पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. वाढणाऱ्यानं वाढलं, पण त्यांच्याकडे न बघता.

आता कुणी म्हणेल, तालमीचा अबोला तो, एक माणूस गेल्यावर त्याचं काय कौतुक? सोडून द्यायचा! पण तो कुणी सोडायचा, हाच तर घोळ. जो पहिल्यांदा अण्णांशी बोलणार, त्याला पहिलं वाक्य काय बोलावं लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यापेक्षा नियम बरा. आशयनं सांगितलंय ना, प्रयोगापर्यंत बोलायचं नाही!

आणि प्रयोग रद्द झाला नाही. सभागृह ठरलेलं, पाहुणे बोलावलेले. "सूर्यकांतकाकांना हीच श्रद्धांजली," आशय म्हणाला. येलहंक्याहून एक पेटीवाला आणला. पाणाड्या बदलावा असं एक-दोघांच्या मनात होतं, पण ती गाणी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बसेनात. तेव्हा अण्णांना ठेवलं.

"सोडा की हो ते नाटक," महांतेश एक दिवस भडकला. दुकानात गर्दी नव्हती. "खरं काय ते जाऊन सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगतो. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

"आणि उल्कावैनीला काय सांगशील? तू फोन कापलीस आणि नवरा गेला म्हणून?"

महांतेश तराजूतली वजनं उगाच मागंपुढं करू लागला.

"ती जगायची नाही रे," अण्णा म्हणाले. "आणि माणसं वाईट नाहीत. घाबरलीत. पडदा पडला की वळणार आहेत. ठरलंय तसं. एकदा वळली की झालं, मग हळूहळू बोलतील, मग जुनं होईल. मला दुसरं कोण आहे, महांतेश? या वयात मी नवीन माणसं कुठं शोधू? तेवढा एक दिवस मला गाठू दे."

तेवढ्या एका दिवसावर अण्णा जगत होते. संध्याकाळी तालमीला जायचे, गायचे, परत यायचे. तालीम आता हाताबाहेर चांगली होत होती. गावानं पाठ फिरवली की मंडळाच्या हॉलमधली हवा गार व्हायची. कुणी हसत नव्हतं, कुणाचा पाय चुकत नव्हता. पहिल्यांदा आशय खूश झाला, "हेच, हेच हवं होतं मला!" म्हणून नाचला. पण एका संध्याकाळी गाणं सुरू व्हायच्या आधीच, नुसते अण्णा दारातून आत आले तर सगळा कोरस वळून पाठमोरा उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. आशयच्या हातातली संहिता तशीच राहिली. त्याच्या फोनवरही ते नाव होतंच. त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "बरं, सुरू करू या." त्या दिवसापासून तोही अण्णांना सूचना पेटीवाल्यामार्फत देऊ लागला.

प्रयोगाला सभागृह गच्च भरलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या के. आर. पुरमपासून माणसं आली होती, मराठी न कळणारे शेजारीपाजारीही होते. उल्कावैनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कोरसात त्या आता नव्हत्या.

गुंडोअण्णा असे गायले की तसं ते पूर्वी कधी गायले नव्हते आणि पुढंही कधी गायले नाहीत. पाणाड्या गावात येतो तेव्हाचं हसरं गाणं त्यांनी इतक्या आनंदानं म्हटलं की लोकांनी टाळ्यांचा ताल धरला. विहीर ढासळली तेव्हा सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मग शेवटचा प्रवेश आला. गावानं पाठ केली. "ज्यानं दाविलं पाणी, त्याला पाणी नाही." अण्णा एकेका पाठीशी गेले. हाक मारली. नाटकात हाक मारायची होती ती 'पाटील', 'सुतारा' अशी. पण दयानंदच्या पाठीशी येऊन त्यांच्या तोंडून "दया" असंच गेलं, सुरात, वरच्या षड्जावर. दयानंदचे खांदे हलले. तो अर्धा वळला, त्याची आणि अण्णांची नजर एका क्षणासाठी भेटली, आणि त्यानं मान झटकन परत फिरवली. प्रेक्षकांत बायका डोळे पुसत होत्या. केवढी ही कला, असं त्यांना वाटलं असणार.

अण्णा विहिरीत उतरले. म्हणजे स्टेजच्या मागच्या दोन पायऱ्या. पडदा पडला.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट. अण्णा लगबगीनं त्या पायऱ्या चढून वर आले, धोतर सावरत, मुंडाशाखाली घाम. पाठी तशाच होत्या. त्यांनी हात पुढं केले आणि थांबले.

"सुटला!" विंगेतून आशय ओरडला. "अबोला सुटला! वळा, वळा ना आता!" त्याचा आवाज चिरकला.

कुणी वळलं नाही. टाळ्या चालूच होत्या. अण्णा हात पुढं करून उभे होते आणि समोर ती रांग, ओळखीच्या पाठींची. या पाठी त्यांनी पंगतीत वाढताना पाहिल्या होत्या, आरतीत पाहिल्या होत्या. मग प्रतिमाताईंनी डोक्यावरचा पदर काढला, पिना हातात घेतल्या आणि मागं न बघता डाव्या विंगेत निघून गेल्या. त्यांच्यामागून एकेक जण. दयानंद सगळ्यांत शेवटी.

"अण्णा," आशय म्हणाला, आणि विंगेतून दोन पावलं पुढं आला.

तेवढ्यात बाजूच्या दारानं उल्कावैनी आत आल्या. त्यांना बघून विंगेतली मंडळी थबकली. वैनी सरळ अण्णांपाशी आल्या. अण्णांचा चेहरा असा उजळला, की बघवत नव्हतं. आली. एक तरी आली. हिला तर सगळं ठाऊक आहे.

"गाणं फार छान झालं, गुंडोअण्णा," वैनी म्हणाल्या. आवाज शांत होता, डोळे कोरडे. अण्णा त्या डोळ्यांत शोधत राहिले. इस्पितळात होतं ते आता तिथं नव्हतं. ते तिनं कुठंतरी पुरून टाकलं होतं आणि वरची माती चोपून चोपून सारखी केली होती. "तेवढा फोन लवकर केला असतात, तर आज पेटीवर हे बसले असते."

विंगेत सगळे ऐकत होते. एक वाक्य पुरे होतं. अण्णांनी महांतेशचं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. तो तिसऱ्या रांगेतच बसला होता. त्यांचे ओठ हलले. वैनी वाट बघत उभ्या होत्या, आणि अण्णांना दिसलं की पदराखाली त्यांनी फोन गच्च धरलाय.

"होय, वैनी," गुंडोअण्णा म्हणाले. "चुकलं माझं."

वैनींनी मान हलवली आणि त्या वळल्या. विंगेत कुणीतरी लांब श्वास सोडला. मग कुणीतरी पाणी मागितलं, कुणी प्रयोग कसा रंगला ते विचारलं, आणि हळूहळू सगळे एकमेकांशी बोलू लागले.